एकतीस वर्षं, आठ महिने

हिशेब मी बार्जच्या जुन्या लॉगबुकच्या पाठीवर मांडला.
साधी पेट्रोलची गाडी, आणि तीच, बॅटरी जोडलेली:
फरक अडतीस लाख.
महिन्याला पेट्रोल वाचणार दहा हजारांचं,
तेही सौरेशनं रोज रात्री आठवणीनं प्लग लावला तर.
म्हणजे एकतीस वर्षं, आठ महिने.
"तोवर तू बासष्ट," मी म्हटलं,
"आणि मी आमोण्याच्या मसणात."
तो हसला.
"काका, बॅटरीची हमीच आठ वर्षांची."

मग घेतलीस कशाला, हे मी विचारलं नाही.
त्याच्या बापाच्या चार बार्जेसची इंजिनं
मी तेवीस वर्षं कानानं सांभाळली.
स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर, मूठ कानामागच्या हाडाला,
आणि सांगायचो: तिसरा सिलिंडर आजारी आहे.
खाणी थांबल्या. बार्जेस भंगारात गेल्या, वजनावर.
कान तेवढे उरले माझ्याकडे,
बिनकामाचे.

म्हणून पहाटे पाचला तो म्हणाला, बसा,
तर बसलो.
बसलो कसला, उतरलो.
न्हाणीतल्या पाटाइतकी खाली ती सीट.
त्यानं बटण दाबलं.
मी वाट पाहत राहिलो.
फाटकाचा खांब मागे सरकला
तेव्हा कळलं, निघालोय.

चाकाखाली एकेक खडा ऐकू येत होता.
मानशीतून खाजनात शिरणारं भरतीचं पाणी,
कुणाच्या तरी पंपाची धाप,
आणि पुढे पदेर, सायकलवर, पों पों करत,
त्याला मागे कोण आहे याचा पत्ताच नाही.
सौरेशनं हॉर्न दिला नाही.
तीनशेनं पळणारी गाडी
अकराच्या वेगानं उंड्यांच्या वासामागे चालली,
देवळाच्या वळणापर्यंत.
इतका जवळून गाव मी कधी ऐकला नव्हता,
आणि मी इथंच जन्मलोय.

भोमला गतिरोधकावर पोट घासलं.
सौरेशनं दात आवळले.
मला मात्र बरं वाटलं,
निदान हा आवाज ओळखीचा.

जुवारीच्या नव्या पुलावर रस्ता मोकळा सापडला.
पाठीमागे काहीतरी जागं झालं,
आधी घशात, मग छातीत.
मी डोळे मिटून मोजले:
एक, दोन, तीन… सहाच्या सहा ठणठणीत.
आजारी कुणीच नाही.
पन्नास सेकंद, फार तर.
मग पुढे मासळीचा टेम्पो आला
आणि पुन्हा सगळं गप्प.

परतताना त्यानं विचारलंच.
"खरं सांगा काका, वसूल?"
"पैशात नाही," मी म्हटलं.
तो थोडा वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "बाबांना झोप नाही हो, बार्जेस गेल्यापासून.
डोळा लागतो तो पहाटे चारला.
जुनी गाडी सुरू केली की दचकून उठायचे.
आता मी निघतो ते त्यांना कळतसुद्धा नाही."

मला हे लिहून ठेवावंसं वाटलं,
अडतीस लाखांच्या खाली, नव्या ओळीत.
पण दराच्या रकान्यात काय भरायचं?

घरी पोचलो तर विसूबाब सोप्यावर बसलेले,
मफलर गुंडाळून, चष्म्याशिवाय.
"साडेचारपासून कान लावून बसलोय," ते मला म्हणाले,
"पोर कधी निघतं म्हणून.
जुन्या गाडीचा आवाज ऐकला
की वाटायचं, घरातलं एक तरी इंजिन चालू आहे,
मग झोप यायची.
अडतीस लाख जास्त दिले,
ते आवाज काढून घ्यायचे?"

सौरेश तिकडे वाकून केबल लावत होता.
त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही.
एक हिरवा दिवा लागला.

मी लॉगबुक मिटून मांडीखाली सारलं.
"साखर कमी घाल," विसूबाबांनी आत हाक दिली,
आणि मग हळू, फक्त मला ऐकू येईल असं:
"पुलावर तरी वाजली का रे?"

"वाजली," मी म्हटलं.

"कशी?"